अंगुस्तान

घोरपडीच्या फाटकाजवळ अब्बांची नालबंदाची भट्टी,
भट्टीमागे आमचं घर,
आणि घराला बारमाही जळक्या खुराचा वास.
वर्गात माझ्या बाकावर कुणी टेकत नसे.
जुलै ते ऑक्टोबर तर नाहीच,
तो रेसचा सीझन.

त्यांची वही आता माझ्याकडे आहे,
वाण्याच्या दुकानातली, लाल कापडी पुठ्ठ्याची.
पहिल्या पानावर म्युनिसिपाल्टीच्या शाळेतलं अक्षर:
"फक्त माद्या. दोन मैल. आठ आडवे."
शर्यतीचं खरं नाव लांबलचक होतं, कुठल्याशा मडमेचं,
जिचा म्हणे घोड्यापेक्षा घोडीवर भरवसा.
अब्बांच्या जिभेला ते झेपलं नाही.
तबेल्यात सगळे म्हणायचे, बायांची उडी.

वर्षाला एक पान. पानावर चार खूर,
जिंकणारीचे, शिसपेन्सिलीने कडेकडेने गिरवलेले,
पुढचे दोन गोल, मागचे जरा निमुळते.
बाजूला नालाचं वजन, खिळे किती.
मालक नाही, जॉकी नाही;
ती नावं क्लबातल्या सागवानी फळीवर
सोन्याच्या अक्षरांत होती.
फळी कुठे गेली विचारायला मी मुद्दाम गेले.
काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.
"मॅडम, अशी रेस दिसत नाही."

दिसते. बोट ठेवून दाखवते मी.
वानवडी बेगम, डावा पुढचा चिरलेला.
लास्ट टांगा, चारी खूर बशीएवढे.
पानशेत फुटलं त्या साली कोरं पान.
मग सलग तीन पानं एकाच पावलांची,
सिल्व्हर थिंबल.
अब्बांसाठी ती अंगुस्तान.
राखाडी, लहान चणीची,
खूर असा की अम्मीच्या शिवणाच्या डब्यात मावावा.
तिचा मोतद्दार गेनू शेलार सांगायचा,
"बाकीच्या आडव्याला विचारतात, येऊ का?
ही विचारत नाही."

मी तेव्हा दहाची.
भैरोबा नाला उडी मारून ओलांडायची,
गुडघे फोडून घरी यायची.
अम्मी करवादायची, "घोडी झालीस नुसती, अक्कल कधी येणार?"
अब्बा ऐरणीवरून मान न उचलता,
"घोडीला असते की. उतरताना बघ तिला कधी."

चौथ्या साली पानावर तीनच खूर.
उजव्या पुढच्याची जागा मोकळी.
तिथे फक्त एक ठिपका,
पेन्सिल टेकवून उचलल्याचा.

एम्प्रेस गार्डनच्या बाजूचा सहावा आडवा.
कुणी म्हणालं जमीन निसरडी होती,
कुणी म्हणालं पोराने लगाम खेचला.
मैदानावर हिरवं कापड धरलं गेलं, मग तो आवाज.
अब्बा कुणालाच काही म्हणाले नाहीत.
रात्री कंदील घेऊन गेले,
पहाटे चिखलाने माखून परतले, मूठ मिटलेली.

पुढच्या साली बायांची उडी लागली नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
वहीत तिथून पुढे दुधाचा हिशेब.

लोक आमच्याकडून जुने नाल मागून न्यायचे,
उंबऱ्यावर ठोकायला, बरकतीसाठी.
नालबंदाच्याच दारावर तेवढा कधी नव्हता.

अब्बा गेल्यावर त्यांच्या पेटीत सापडला,
फडक्यात, तेल लावून ठेवलेला.
पातळ, रेसचा.
सहा भोकं. पाचांत वाकलेल्या खिळ्यांची बुडं,
सहावं स्वच्छ.
खिळा उडाला की मारलाच नव्हता,
लोखंड सांगत नाही.
मी मात्र ते भोक उजेडाला धरून
बराच वेळ बसले.

मग त्या पानावरच्या मोकळ्या जागेत
नाल ठेवून पाहिला.
बसतो.
पेन्सिल हाताशी होती.
गिरवला नाही.